तळघरातून : हापूसचे झाड



मागच्या अंकात तळघरातल्या पाण्याच्या पंपाची कथा सांगून आम्ही तुमचा निरोप घेतला, तेव्हा ‘पुढच्या वेळी काहीतरी कोरडे लिहू’ असे कबूल केले होते. म्हणून यावेळचा विषय आहे लाकूड. तेही पलंगाचे किंवा कपाटाचे नाही, तर पालीच्या घरातले. होय, पालीच्या. चष्मा पुसून पुन्हा वाचण्याची गरज नाही.

झाले असे, की २०२४ च्या नोव्हेंबरात आमच्या कन्येला बारावे वर्ष लागले. गेली चार वर्षे तिचा कुत्र्यासाठी हट्ट चालू होता आणि सौ.ला कुत्र्यामांजरांच्या केसांनी शिंका येतात, त्यामुळे चार वर्षे नकार चालू होता. यंदा कन्येने डावपेच बदलले. जेवणानंतर तिने आम्हा सगळ्यांना दिवाणखान्यात बसवले आणि टीव्हीवर बारा पानांचे प्रेझेंटेशन लावले. केस नाहीत, आवाज नाही, फिरायला न्यावे लागत नाही, जागा दीड फूट बाय दीड फूट. आमच्या ऑफिसात इतक्या मुद्देसूदपणे कुणी बजेट मागत नाही. शेवटच्या पानावर त्या प्राण्याचा फोटो आला आणि सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेली आमची आई ताडकन उठून उभी राहिली.

“अगं बाई, ही तर पाल!”

“आजी, गेको आहे. क्रेस्टेड गेको.”

“काही का म्हणेनास. अरे, घरात पाल दिसली तर केरसुणी घेऊन हाकलायची, की तिला घर बांधून द्यायचं?”

आईचा मुद्दा बिनतोड होता. आमच्या लहानपणी भिंतीवर पाल चुकचुकली की आजी ‘कृष्ण कृष्ण’ म्हणायची. पंचांगात पल्लीपतनाचे कोष्टक असते, पाल अंगावर कुठे पडली तर काय फळ ते सांगणारे. पण पाल विकत आणली तर काय फळ, हे त्यात नसते. शेवटी केस आणि शिंका नाहीत या एका मुद्द्यावर सौ.चे मत मिळाले आणि ठराव मंजूर झाला.

पाल घरी आली. बोटाएवढ्या जाडीचे अंग, डोळ्यांवर पापणीच्या केसांसारखी काट्यांची ओळ, रंग केशरट पिवळा. आई लांबूनच बघत म्हणाली, “हापूसच्या सालीसारखा रंग आहे मेल्याचा.” झाले, नाव पडले हापूस.

हापूसच्या कुळाचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण पुढच्या सगळ्या सुतारकामाचे मूळ तिथे आहे. हे प्राणी मूळचे न्यू कॅलेडोनियाचे. दक्षिण पॅसिफिकमधली, ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेची ही फ्रेंच बेटे. १८६६ साली या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन झाले. पुढे बराच काळ ती कुणाला दिसलीच नाही, आणि नामशेष झाली असे लोक धरून चालले. १९९४ साली ती पुन्हा सापडली. आज अमेरिकेत घरोघरी दिसतात त्या सगळ्या माणसांकडे जन्मलेल्या. तिकडच्या जंगलातून त्या पकडून बाहेर नेण्यास बंदी आहे आणि त्यांचे मूळ रान आजही धोक्यात आहे.

आता मुद्दा असा, की हा प्राणी झाडावरचा आहे. दिवसभर फांद्यापानांत झोपायचे आणि अंधार पडला की या फांदीवरून त्या फांदीवर उड्या मारायच्या, हा त्याचा दिनक्रम. पिकलेल्या फळांचा गर आणि किडे हे जेवण. शेपटीने फांदीला विळखा घालायचा. शेपटीच्या टोकालाही बोटांसारखी चिकटणारी गादी असते. म्हणजे चार पाय आणि हा पाचवा हात. असा प्राणी नुसत्या काचेच्या पेटीत ठेवला तर तो काचेला चिकटून राहतो, कारण दुसरे काही नसतेच. पुष्कळदा डोके खाली करून काचेवरच झोपतो. तसे सतत झोपल्याने शेपटी वजनाने पाठीकडे लोंबू लागते आणि कमरेचे हाड वाकडे होऊ शकते, असे पाळणाऱ्या जाणकारांचे मत आहे.

दुकानात मात्र लाकडाचा विभाग ‘सजावट’ या पाटीखाली असतो. आम्हीही ते सजावट म्हणूनच घेतले, आणि आमच्या चुकीची सुरुवात तिथूनच झाली.

पेटी दीड फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच. दुकानातल्या एका वाकड्या फांदीची किंमत पन्नास डॉलरच्या वर. एका काटकीला पन्नास डॉलर! आमच्यातला सांगलीकर जागा झाला. तरी दुकानात तासभर उभे राहून आम्ही सगळा माल बघितला आणि घरी येऊन अभ्यास केला. तो तुमच्या उपयोगी पडेल म्हणून देतो.

सगळ्यात गुणी माल म्हणजे कॉर्क, बाटलीचे बूच ज्याचे करतात ती साल. (पुण्याच्या रस्त्यांवर ज्याच्या पांढऱ्या फुलांचा सडा पडतो ते आपले बुचाचे झाड वेगळे.) ही कॉर्क ओक नावाच्या झाडाची साल. जगातला निम्मा कॉर्क एकट्या पोर्तुगालमधून येतो. झाड साधारण पंचवीस वर्षांचे झाले की पहिल्यांदा साल काढतात आणि पुढे दर नऊ वर्षांनी, झाड न तोडता. ही साल वजनाला अगदी हलकी, ओलीने सहजासहजी कुजत नाही आणि खडबडीत असल्याने पंजे छान बसतात. पोकळ नळीसारखा तुकडा घेतला तर झोपायची खोलीही तयार.

आफ्रिकेतले मोपाने नावाचे लाकूड दगडासारखे जड. ते पाण्यात बुडते, म्हणून माशांच्या टाकीत चालते. पालीच्या पेटीत ते तळालाच शोभते, उंचावर नाही. भिजवले की त्यातून चहासारखा रंग सुटतो. त्याला घाबरायचे कारण नाही, पाणी बदलत राहायचे. द्राक्षाच्या वेलीची खोडे दिसायला सुंदर असतात, पण ओलाव्यात त्यांना लवकर बुरशी धरते. कोरड्या वाळवंटी पालींना ती ठीक.

आता काय घेऊ नये ते. सीडर अजिबात नको. त्याच्या लाकडातली वासाची तेले बंद पेटीत साचतात आणि श्वसनाला त्रास देतात. राळ गळणारे ओले पाइनही नको. ढोबळ नियम असा, की ज्या लाकडाच्या घमघमाटाने आपण खूश होतो ते पालीच्या घरात न्यायचे नाही. परसातल्या जुन्या डेकची फळी तर मुळीच नको. २००३ अखेरपर्यंत इथे घरगुती वापराच्या अशा लाकडाला आर्सेनिकयुक्त द्रावण पाजलेले असे, आणि ते डेक अजून कितीतरी घरांमागे उभे आहेत. ज्या झाडावर कीटकनाशक मारले आहे त्याची फांदीही नको. सरकारी उद्यानांतून लाकूड उचलण्याआधी तिथला नियम विचारून घ्या; राष्ट्रीय उद्यानांतून तर ते नेता येत नाही.

एवढा अभ्यास झाल्यावर आम्ही काय केले? फुकट मिळाले ते आणले. मंडळातल्या एका मित्राच्या परसात वादळाने मेपलची फांदी मोडली होती. औषध कधी मारलेले नाही याची त्याने ग्वाही दिली. फांदी दीड इंच जाड, वर छान दोन बेचके. ‘अगदी कोपऱ्यातल्या पारिजातकासारखी दिसेल,’ असे आम्ही सौ.ला सांगितले. तिच्यावर मित्राकडे पोहे खाऊन आम्ही फांदी गाडीत घालून आणली.

बाहेरच्या लाकडात काय काय राहत असते हे मिशिगनमध्ये राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. पाचूसारख्या हिरव्या रंगाचा, ॲश पोखरणारा तो भुंगेरा २००२ मध्ये पहिल्यांदा आपल्याच राज्यात, डेट्रॉइटच्या परिसरात ओळखला गेला. आशियातून आलेल्या पॅकिंगच्या लाकडात लपून तो आला असावा असे मानतात. पुढे त्याने कोट्यवधी झाडे मारली. म्हणून तर जळाऊ लाकूड दूर नेऊ नका असे बोर्ड हमरस्त्यावर दिसतात. आमच्या कारखान्यात परदेशी सुटे भाग ज्या खोक्यांतून येतात त्यांच्यावर ‘एचटी’ असा शिक्का असतो. त्याचा अर्थ, त्या लाकडाच्या गाभ्याचे तापमान सलग ३० मिनिटे ५६ अंश सेल्सिअस ठेवलेले आहे. गाभ्याचे, वरच्या सालीचे नव्हे, हे महत्त्वाचे. ओव्हन तापला म्हणजे आतली अळी मेली असे होत नाही.

आम्ही फांदी गरम पाण्याने घासली, सैल साल काढली आणि ओव्हन २०० अंश फॅरेनहाइटवर ठेवून दोन तास भाजली. सगळा वेळ समोर खुर्ची टाकून बसलो, कारण ओव्हनमध्ये लाकूड ठेवून बाजारात जाणे म्हणजे अग्निशमन दलाला आमंत्रण. घरभर ओल्या जंगलाचा आणि करपट साखरेचा मिळून असा एक वास पसरला. आई म्हणाली, “काय शिजतंय?” सौ. म्हणाली, “तुमचा मुलगा झाड शिजवतोय.” त्या रात्री आम्ही बाहेर जेवलो.

मग सुतारकाम. तळाला भट्टीत सुकवलेल्या ओकची जाड फळी घेतली, तिला गिरमिटाने दीड इंची भोक पाडले, फांदीचे बूड कानशीने घासून भोकात अगदी घट्ट बसेल असे केले आणि लाकडी हातोड्याने ठोकून बसवले. स्क्रू नाही, गोंद नाही. गोंदातली रसायने पेटीत नकोत हे आमचे कारण होते; दुसरे, न लिहिलेले कारण म्हणजे ते दिसायला फार सुबक दिसत होते. आम्ही फांदीला धरून अख्खी फळी उचलून दाखवली. तिघींनी टाळ्या वाजवल्या.

हापूस पहिल्याच रात्री वर चढला. काचेवरचा मुक्काम हलला. दिवसा बेचक्यात अंग मुडपून झोपायचा, रात्री उड्या मारायचा. आम्ही एक कॉर्कची नळीही शेवटी विकत आणली आणि एका कुंडीत मनी प्लांट लावला. आई संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की पेटीपाशी जाऊन पाण्याचा फवारा मारू लागली. “मी आपली मनी प्लांटला पाणी घालते,” असे तिचे म्हणणे. मनी प्लांटला ती ‘जेवलास का रे?’ असेही विचारायची.

जानेवारीचा पहिला आठवडा. बाहेर उणे पंधरा, आत फर्नेस दिवसरात्र चालू. कन्या म्हणाली, “बाबा, झाड थोडं हलतंय.” आम्ही ऑफिसच्या फोनवर होतो. एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताचे बोट फांदीला लावले. किंचित हलल्यासारखी वाटली. शंकेची पाल चुकचुकली, खोटे कशाला बोला. पण आम्ही म्हणालो, “लाकूड आहे बेटा, तेवढं चालतं.” आणि फोनवर परत गेलो.

चौथ्या रात्री दोनच्या सुमारास धप्प असा आवाज आला. आम्ही खाली धावलो तर फांदी भोकातून निघून काचेवर आडवी, आणि पेटीच्या तळाला हापूसची शेपटी एकटीच वळवळत होती. हापूस वरच्या कोपऱ्यात काचेला चिकटून बसला होता. फांदीचे वजन सहाशे ग्रॅम, हापूसचे अडतीस. दोन इंच इकडेतिकडे असता तर हा लेख आम्ही लिहिलाच नसता.

कन्या जिन्यावर उभी होती. तिने शेपटीकडे पाहिले, मग फांदीच्या बुडाकडे, मग आमच्याकडे.

“बाबा, मी सांगितलं होतं ना, हलतंय म्हणून?”

उत्तर नव्हते. ‘सांगितलं होतंस’ एवढेच म्हणालो.

सकाळी अशा प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी हापूसला उलटसुलट पाहिले. इतर इजा नव्हती. भिंतीवरच्या पालीची शेपटी तुटली तर पुन्हा फुटते, पण या जातीची फुटत नाही, हे तिथे आम्हाला पुन्हा ऐकावे लागले. कन्येला ते आधीच ठाऊक होते, प्रेझेंटेशनच्या सातव्या पानावर होते. बाईंनी तिला हेही सांगितले, की रानातल्या मोठ्या वयाच्या बहुतेक पाली बिनशेपटीच्याच आढळतात आणि तशाच व्यवस्थित जगतात. जखम कोरडी होईपर्यंत तळाला माती नको, साधा स्वच्छ कागद घाला म्हणाल्या. कन्येला त्यामुळे धीर आला. आम्हाला तेवढा आला नाही, कारण रानातली शेपटी शिकारी प्राणी नेतो, ही आम्ही घालवली होती.

घरी आल्यावर आई म्हणाली, “पंचांगात पाल माणसावर पडली तर काय ते दिलंय. पालीवर झाड पडलं तर काय, ते तूच लिही आता.” आईने सहज म्हटले, पण आम्ही मनावर घेतले. त्याचाच हा लेख.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही, आणि लाज त्याचीच वाटते. आमच्या कारखान्यात शाफ्टवर बेअरिंग बसवताना ते तापवून फुगवतात, चढवतात आणि थंड होऊन आवळू देतात. फुगणे-आवळणे यावर आमचे पोट चालते. झाडाच्या ओल्या फांदीत पाणी दोन जागी असते, पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतींत. पोकळीतले पाणी उडून गेले तरी लाकूड आटत नाही. ओलावा कोरड्या लाकडाच्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांखाली उतरला, की मग भिंतींतले पाणी जाऊ लागते आणि तेव्हा कुठे लाकूड आटू लागते. दोन तासांच्या भाजणीत आमची फांदी वरून वाळली, आतून ओलीच राहिली. आम्ही ती तशीच ठोकली. पुढचे सहा-सात आठवडे ती हळूहळू वाळत गेली. लांबीत लाकूड जवळजवळ आटत नाही, जाडीत आटते. मेपलची ३८ मिलिमीटरची फांदी इतकी वाळली की व्यासात मिलिमीटर-दीड मिलिमीटर सहज कमी होते. उलट खालची ओकची फळी भट्टीतून सुकून आलेली. ती रोजच्या फवाऱ्याने थोडी फुगली आणि तिचे भोक मोठे झाले. खुंटी बारीक, भोक मोठे. आईच्या फवाऱ्याचा दोष नाही, ओलावा त्या प्राण्याला हवाच असतो. दोष ओल्या लाकडाची पाचर मारणाऱ्याचा. गावचा सुतार ओल्या लाकडाचा सांधा करत नाही, आणि आम्ही परदेशात मास्टर्स करून तो केला.

पण खरे कारण याच्याही आधीचे आहे. आम्ही त्या फांदीकडे शोभेची वस्तू म्हणून पाहिले. ऑफिसात माणूस उभा राहणारी साधी शिडी घ्यायची तरी आम्ही वजनाचा आकडा विचारतो. इथे एक जीव रोज रात्री त्या लाकडावर भरवसा टाकून उडी मारत होता आणि आम्ही एक बोट लावून पास केले. तेच तो बिचारा बोलू शकत नाही, आणि जी बोलली तिचे ऐकले नाही.

पुढच्या शनिवारी कन्येला घेऊन नव्याने बांधकाम केले. यावेळी नियम तिने लिहिले, आम्ही हमाल. ते असे :

लाकूड भाजून झाले की पूर्ण वाळवायचे. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करायचे आणि सलग दोन-तीन आठवडे वजन बदलले नाही, की मगच वापरायचे. हा काटा पुढे स्वयंपाकघरात परत येत नाही, अशी सौ.ची दुरुस्ती.

जड लाकूड तळाला, आणि तेही मातीवर न ठेवता थेट काचेच्या तळावर टेकवून, म्हणजे खालून माती सरकली तरी ते खचत नाही. उंचावर फक्त कॉर्क आणि हलक्या फांद्या.

घट्टपणावर विसंबायचे नाही. प्रत्येक उभ्या फांदीला खालून फळीतून स्टेनलेस स्टीलचा स्क्रू. काचेला चिकटवायचे असेल तर माशांच्या टाकीचे सिलिकोन, आणि त्याचा व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत प्राणी आत नाही. आम्ही एक आठवडा थांबलो.

फांद्यांची जाडी पालीच्या अंगाएवढी किंवा थोडी जास्त. काही आडव्या, काही तिरप्या, मध्ये उडीपुरती मोकळी जागा. टोके आणि कुसळे पॉलिशपेपरने घासलेली. अर्धवट भोके नकोत. भोक एवढे मोठे हवे की प्राणी वळून बाहेर येईल, नाहीतर बुजवून टाकायचे.

शेवटची तपासणी ओढून. इथे कन्येने डोके लढवले. प्रत्येक मराठी घरात असतो तो बॅगा तोलायचा हुकाचा काटा तिने आणला, प्रत्येक फांदीला अडकवला आणि पाच किलो दिसेपर्यंत ओढला. हापूसच्या वजनाच्या शंभरपट आणि वर काही. एक कॉर्क साडेतीन किलोला निसटला. तो पुन्हा बसवला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ही तपासणी होते आणि आकडे पेटीजवळच्या कागदावर लिहिले जातात. खाली सही तिची, आमची नाही.

दोन गोष्टी कन्येच्या यादीत नव्हत्या, त्या आम्ही जोडतो. नव्या लाकडावर पहिल्या काही आठवड्यांत पांढरी कापसासारखी बुरशी दिसली तर लगेच फेकू नका. पुसा, हवा खेळती ठेवा, ती बहुधा ओसरते. मातीत स्प्रिंगटेल नावाचे पांढरे, तिळाहून बारीक किडे सोडले तर ते बुरशी खाऊन टाकतात. लाकूड मऊ पडून भुगा होऊ लागले तर मात्र ते काढायचे. आणि दुसरे, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर सॅल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात, प्राणी ठणठणीत असला तरी. पेटीतले लाकूड स्वयंपाकघरात धुवायचे नाही, आम्ही तळघरातल्या सिंकमध्ये वेगळ्या बादलीत धुतो. हात लावला की साबणाने धुवायचे. पाच वर्षांखालची मुले आणि घरातली वृद्ध मंडळी यांनी लांबूनच कौतुक करावे.

या शेवटच्या नियमाने आमची पंचाईत केली. आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “मी कुठे हात लावते? मी मनी प्लांटला पाणी घालते.” ती एप्रिलमध्ये सांगलीला परत गेली. जाताना बॅगा तोलायला काटा शोधला, तर तो पेटीपाशी. कन्येने काटा दिला आणि परत मागून घेतला. आता दर रविवारी व्हिडिओवर आधी हापूस दाखवावा लागतो, मग आमची चौकशी होते.

हापूस मजेत आहे. शेपटीची जागा भरून आली. सुरुवातीला उडी थोडी चुकायची, आता चुकत नाही. बेचक्यात पूर्वीसारखाच झोपतो. ही जात पंधरा-वीस वर्षे जगते. म्हणजे सहा वर्षांनी कन्या कॉलेजला गेली, की हापूस आणि तो कागद आमच्याकडे राहणार. तिने परवाच विचारले, “बाबा, मी नसताना तू ओढून बघशील ना? बोट लावून नाही?”

बघू, असे आम्ही यावेळी म्हणालो नाही. ‘हो’ म्हणालो, आणि काट्यासाठी भिंतीवर एक खिळा ठोकून दिला. कोरड्या लाकडात.

पुढच्या अंकात गराजच्या दाराबद्दल. लोभ आहेच, तो वाढावा.